समारंभ चालू आहे

“शाल कोणत्या रंगाची आवडेल त्यांना?” तेरदाळे साहेबांनी मला विचारलं.

सुलक्षणा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तेरदाळे विद्यापीठाचे उपकुलसचिव. बोलताना ते तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. सगळेच तसं करतात. मी त्यांचा प्रश्न हातांनी तिला सांगितला. तिने उत्तर दिलं आणि मी ते तोंडाने म्हटलं, “मला शाल नको. मला दुभाषी हवी.”

साहेब दचकले. “तुम्हाला कशाला दुभाषी? तुम्हाला तर चांगलं ऐकू येतं.”

“हे मी म्हणत नाही, सर. त्या म्हणताहेत.”

“मग ‘त्या म्हणतात’ असं म्हणा की. मला वाटलं, तुम्हीच म्हणताय.”

आमच्या कामाची रीत त्यांना सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्याच्या हातातलं बोलणं आपल्या तोंडात घ्यायचं, तर आपला ‘मी’ देवळाबाहेर चपला ठेवतात तसा दाराशी काढून ठेवायचा. आत असतो तो समोरच्याचा ‘मी’. सुलक्षणा हसली तर माझ्या आवाजाने हसायचं, ती चिडली तर माझ्या आवाजाने चिडायचं. वर्गात तर मी एका तासात प्राध्यापक व्हायचे, तिची शंका व्हायचे, आणि मागच्या बाकावरच्या पोरांची कुजबूजही व्हायचे. तिला सगळं हवं असायचं, कुजबूज तर आधी.

“हे बघा,” साहेब खुर्चीत मागे रेलले, “पदवीपर्यंत त्यांच्या गावच्या संस्थेनं तुमचा खर्च केला. गेल्या वर्षी तुमच्या विभागप्रमुख मगदूम मॅडमनी विभागाच्या किरकोळ खर्चातून भागवलं, त्यावर लेखापरीक्षणानं ताशेरे ओढले. पदव्युत्तर वर्गासाठी अशी तरतूदच नाही. फी माफ आहे, परीक्षेला जादा वेळ आहे, बसचा पास आहे. आणखी काय हवं?”

मी हे सगळं हातांनी सांगितलं. सुलक्षणाने भुवया वर केल्या. तिच्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची एक खूण होती. बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाचं हातांतलं नाव असतं. भुवईवर बोट टेकवलं की सुलक्षणा.

“बसचा पास काढून मी वर्गापर्यंत येते,” ती म्हणाली, म्हणजे मी म्हणाले, “पण फळ्यापर्यंत कशी जाऊ?”

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातात एक चौकट होती आणि ती चौकट सोडून त्यांचा हात बाहेर येत नव्हता.

“अपंग दिनाला तुमचा सत्कार ठरलाय. स्वतः कुलगुरू येणार. विज्ञान शाखेत एमएस्सीपर्यंत आलेली पहिली मूकबधिर विद्यार्थिनी, अख्ख्या विद्यापीठाला अभिमान आहे. त्या दिवशी या दुभाषीताईंना बोलवू. त्यांचं मानधन समारंभातून निघेल. तुमच्या मूकबधिर मंडळातली अजून काही माणसं आणा. खुर्च्या भरल्या पाहिजेत.”

आम्ही बाहेर पडलो. जिन्यात सुलक्षणा थांबली.

“म्हणजे वर्गात तुझे पैसे नाहीत, हार घालताना आहेत?”

“हो.”

“आणि तू जानेवारीत जाणार?”

लांबच्या गावातल्या बहिऱ्यांच्या शाळेत मला नोकरी मिळाली होती. बाबा गेल्यापासून घर माझ्यावर होतं. सहामाही सुरू झाल्यापासून मी तिच्या वर्गात फुकट येत होते आणि संध्याकाळी शिकवण्या करत होते. असं किती दिवस निभणार? मी गेले की सुलक्षणा पहिल्या बाकावर बसून प्राध्यापकांच्या मिशा हलताना बघणार, आणि एक दिवस यायची बंद होणार. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, मगदूम मॅडमनाही माहीत होतं.

“जा तू,” ती म्हणाली. “मी तुला थांब म्हणणार नाही. पण सत्काराला ये. तुझ्या आईला पण आण.”

*

माझी आई बहिरी, बाबाही बहिरे. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आई हळदीच्या वखारीत हळद निवडायला जायची. वखारीच्या अंगणात पन्नासेक बायका ओळीने बसत, मधे पिवळा ढीग. हळकुंडं एकीकडे, गड्डे दुसरीकडे, काळी पोकळ निघाली ती मागे फेकायची. आई घरी यायची तेव्हा तिच्या बोटांच्या रेघारेघांत हळद बसलेली असायची. ती बोलायला लागली की पिवळी बोटं भिंतीवरच्या चिमणीच्या उजेडात अशी नाचायची, की मला वाटायचं, सगळ्यांच्या आया पिवळ्या रंगातच बोलतात.

मला तोंडाची भाषा दिली ती भागीरथीमावशीने. ती आईच्या शेजारी बसून हळद निवडायची. लहानपणी आई मला वखारीत न्यायची आणि मावशीच्या मांडीवर ठेवायची, कारण मावशीचं तोंड दिवसभर चालू असे. ती ओव्या म्हणायची. तिच्या माहेरची एक पद्धत होती. एकीने ओवीचा पहिला अर्धा म्हणून सोडून द्यायचा आणि जोडीदारणीने दुसरा जोडायचा. नाही जोडता आला, तर ओवी तशीच अर्धी राहायची, जोडली जाईपर्यंत दोघींच्या मधे. मावशीची जोडीदारीण माझी आई. ती कुठून जोडणार? म्हणून मावशी माझ्याकडे बघून म्हणायची,

मुक्या माझ्या सखीची गं, बोटं बोलत्यात बाई…

“आता तू जोड, हेमे. आईचं देणं तुझ्याकडं.”

मी काहीबाही जोडायचे. मावशी मान हलवायची. “छ्या! यमक जुळलं, पण माय न्हाई आली त्यात.” मावशी गेली, तरी ती ओवी अर्धीच राहिली.

बोलायला लागले तशी मी घराचं तोंड झाले. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत. “आई म्हणते, साखर ओली आहे.” “आई म्हणते, पोटात इथे दुखतं.” माझी उंची काउंटरपर्यंत यायच्या आधीच माझा आवाज काउंटरपलीकडे जायचा. आणि लोक आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणायचे, “सांग तुझ्या आईला.”

*

सत्काराच्या दिवशी सभागृह झेंडूने मढवलं होतं. पहिल्या रांगांत अधिकारी आणि प्राध्यापक, त्यांच्या मागे विद्यार्थी. आमची माणसं शेवटच्या रांगेत बसवली होती. आई, तिच्याबरोबर हळद निवडणाऱ्या दोघी, शिवणकाम करणारे इस्माईलचाचा, आणि मंडळातले आणखी काही.

मी सूचना देणाऱ्या मुलाला म्हटलं, “अरे, यांना पुढं बसव. इतक्या लांबून हात कसे दिसणार?”

तो गोंधळला. “पण ताई, यांना ऐकूच येत नाही ना? मग पुढं काय आन् मागं काय!”

इस्माईलचाचांनी मला विचारलं, काय म्हणतो. मी सांगितलं. चाचा पोट धरून हसले आणि रांगेभर ते पसरलं. बहिऱ्यांचं हसू मोठं असतं. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

मंचावर ध्वनियंत्रणेवाला माईक सुलक्षणाच्या तोंडाच्या उंचीला आणत होता. “ताई, जरा हॅलो म्हणा.” ती त्याच्याकडे बघून गोड हसली. तो आणखी खाली करत राहिला.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सुलक्षणा मला विंगेत ओढून घेऊन गेली.

“आज तू वर येऊ नकोस. खाली बस. आईजवळ.”

“आणि तुझा आवाज?”

“आज आवाज नको.”

“सुलक्षणा, चिडतील ते. सगळ्यांसमोर अपमान वाटेल त्यांना. उरलंसुरलंही जाईल.”

“जे नाहीच, ते कुठं जाणार?”

“काय बोलणार आहेस?”

तिने दोन्ही हात मागे बांधले. बहिऱ्याने हात मागे बांधले की ते तोंडाला कुलूप.

मी खाली येऊन आईच्या शेजारी बसले. भाषणं झाली. एकाने ‘दिव्यत्व’ हा शब्द इतक्यांदा वापरला, की मी सांगता सांगता हात थांबवले आणि आईला म्हटलं, “पुन्हा तेच.” कुलगुरूंनी सुलक्षणाला शाल पांघरली. शाल शेवटी पिवळी निघाली. नारळ दिला. टाळ्या झाल्या. निवेदिका म्हणाली, “आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील.” आणि ती माझ्या जागेकडे बघू लागली. तेरदाळे साहेबही बघू लागले. मी हलले नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. दुभाषीचं काम धरल्यापासून इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

सुलक्षणा माईकपाशी गेली नाही. तिने नारळ टेबलावर ठेवला, मंचाच्या पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने चालू लागली. पहिली रांग मागे पडली, दुसरी पडली. सगळं सभागृह मान वळवत होतं. ती थेट शेवटच्या रांगेपुढे येऊन उभी राहिली. आमच्या समोर. हात सोडवले. आणि बोलायला लागली.

अख्ख्या सभागृहाला खुर्च्यांत उलटं फिरून बसावं लागलं. कुलगुरू मंचावरून तिची पाठ बघत होते.

ती काय बोलली, ते त्या घटकेला मी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलेलंच नव्हतं. पण मी पाहिलं. तिची डावी मूठ जमिनीत फुगत गेली, बोटं फुटली, कोंब आले. पानं वाऱ्यावर डुलली. मग पाणी आलं. पाणी साचलं. उजव्या हाताची बोटं दोऱ्यासारखी बारीक झाली, त्या पाण्यातून सरपटत डाव्या हाताच्या बोटांत शिरली आणि तो भरलेला हात हळूहळू आत ढासळत गेला. इस्माईलचाचांनी श्वास रोखला. मग दुसरीकडून आणखी एक दोरा आला, हिरवा, चलाख. तो पहिल्या दोऱ्याला वेटोळं घालून आवळू लागला. चाचांनी मांडीवर थाप मारली, कुस्तीत पट काढल्यावर मारतात तशी. आईने हात वर करून काहीतरी विचारलं. सुलक्षणाने उत्तर दिलं. आईने पुन्हा विचारलं. मग तिच्या मैत्रिणीने विचारलं. एकदा तर मागची सगळी रांग एकदमच हसली, आणि पुढचं सगळं सभागृह तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत राहिलं. ‘काय झालं? काय म्हणाली?’ अशी कुजबूज उठली आणि विरली. सांगणारं कुणीच नव्हतं. खाली बसलेल्या प्राध्यापकांच्या चेहऱ्यांवर मला ती गोष्ट दिसली, जी मी सुलक्षणाच्या चेहऱ्यावर रोज टाळत आले होते. सगळे हसताहेत आणि आपण वेगळे पडलोय, ती.

आईचे डोळे भरून आले होते. ती रडत नव्हती. तिला काहीतरी उमगलं होतं.

सुलक्षणाने हात खाली घेतले. मागच्या रांगेने हात वर करून हवेत थरथरवले. आमच्या टाळ्या तशाच. पिंपळाची पानं हलावीत तशी ती सगळी बोटं हलली, त्यातली निम्मी पिवळी. पुढे कुणी टाळी वाजवली नाही. कशाला वाजवायची, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेरदाळे साहेब घाम पुसत आले. “अहो दुभाषीताई, हे काय? आम्ही मानधन देतोय ना तुम्हाला? काय बोलल्या त्या? विद्यापीठाविरुद्ध बोलल्या का?”

“मला आज आवाज द्यायला सांगितलेलं नाही, सर.”

तोवर कुलगुरू मंचावरून उतरून मागे आले होते. उंच, शांत, वाकून बोलणारे गृहस्थ. ते मला काही विचारणार, तोच थांबले. वळले आणि सुलक्षणाकडे बघून बोलले. त्या दिवसापर्यंत त्या इमारतीत कुणीही तसं केलं नव्हतं. “मला समजलं नाही,” ते म्हणाले. “मला कोण सांगेल?”

मी हातांनी सांगितलं. सुलक्षणाने आईकडे बोट दाखवलं. आणि मग मला म्हणाली, “आता बोल. पण तिचा आवाज हो.”

आई उठली. पदर खोचला, वखारीत बसण्याआधी खोचते तसा. इतक्या माणसांपुढे ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. तिने हात उचलले. माझं तोंड उघडलं आणि सवयीने ‘आई म्हणते’ असं ओठांवर आलं. ते मी गिळलं. चपला दाराशी काढल्या.

“मी हळद निवडते,” मी म्हणाले. “लग्न होऊन आले तेव्हापासून. काळं, पोकळ हळकुंड हाताला लागलं की मागं फेकते. ते तसं का होतं, मला कुणी सांगितलं नाही. मुकादम नुसता नाक मुरडून दाखवायचा. मला वाटायचं, नशीब असतं एकेका हळकुंडाचं. माझ्या कानांसारखं. आज ही पोरगी म्हणाली, नशीब नाही. रानात पाणी साचतं, पाण्यात बुरशी धरते, बुरशी गड्ड्यात शिरते. पाण्याला वाट काढून दिली की निम्मं दुखणं जातं. उरलेल्या निम्म्याला दुसरी बुरशी आहे, चांगली, ती पहिलीला आवळून मारते. ते कसं, त्याचा शोध ही इथं तुमच्या शाळेत लावते आहे.”

आई थांबली. मीही थांबले.

“तुमची तक्रार तिनं केली नाही,” आईचे हात पुढे बोलले. “आम्हाला धडा शिकवला. मी शाळेत गेले नाही, हा माझा पहिला धडा. मी दोन शंका विचारल्या. तिनं दोन्ही सांगितल्या. एवढंच. बसू का आता?”

कुलगुरू आईच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी मगदूम मॅडमना विचारलं, “हे सगळं बरोबर आहे?”

मॅडम पुढे आल्या. “बरोबर आहे, सर. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आहे ते. मी तोंडानं शिकवलं, ते हेमलतानं हातांत दिलं. तिनं ते असं फुलवलं. माझ्या वर्गात एवढ्या शंका कधी आल्या नाहीत.”

“मग अडचण काय आहे?”

“हेमलता जानेवारीत जाते आहे, सर.”

कुलगुरूंनी तेरदाळेंकडे पाहिलं. साहेबांनी सांगून टाकलं, “पदव्युत्तरला दुभाषीसाठी लेखाशीर्षच नाही, सर. नवीन काढायचं तर शासनाकडून मंजुरी, दोन वर्षं तरी जातील.”

“आणि आज यांचं मानधन कशातून दिलंत?”

“समारंभ, सर.”

मी हे सगळं सुलक्षणाला आणि मागच्या रांगेला हातांनी सांगत होते. ‘समारंभ’ला आमची खूण म्हणजे गळ्यात हार. कुलगुरू थोडे हसले. पुढे पहिल्या रांगेत उलट्या बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मग या मुलीचा निकाल लागेपर्यंत समारंभ चालू आहे, असं समजा.”

तेरदाळे साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि या वेळी ते लिहू लागले.

*

म्हणजे पुढचा सबंध काळ मी विद्यापीठाच्या दप्तरी हार-तुऱ्यांत जमा होते. दर महिन्याला सही करताना लिहिलेलं असे, ‘समारंभ: सत्कार’. लेखापरीक्षक पुन्हा आले, तेव्हा तेरदाळे साहेबांनीच त्यांना म्हणे तोंड दिलं. “चालू आहे अजून,” म्हणाले, “केव्हाही या, दाखवतो.” आणि एका सकाळी त्यांना घेऊन खरोखर वर्गाच्या दाराशी उभे राहिले. वेगळं लेखाशीर्ष पुढे निघालं. दोन नव्हे, चांगली पाच वर्षं लागली. तोवर आणखी दोन बहिरी मुलं त्या समारंभातूनच शिकून बाहेर पडली.

सुलक्षणा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. आज ती हळदीच्या संशोधन केंद्रात आहे. शेतकरी मेळाव्यात मंचावरून उतरून रानातल्या बांधावर जाते, लोक उलटे फिरून बसतात. मी बरोबर असते. त्या शाळेच्या नोकरीला मी गेले नाही.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. विद्यापीठाची टेकडी उतरून आम्ही स्टँडकडे चाललो होतो, आई आणि मी. सुलक्षणाने आपली शाल आईच्या खांद्यावर टाकली होती. नारळ माझ्या पिशवीत. ऊन कलतं झालं होतं. आई रस्त्याच्या मधेच थांबली.

“एक विचारू?” तिने विचारलं.

“विचार.”

“आज माझा आवाज कसा होता?”

जन्मभर मी तिला दुकानदारांचं, डॉक्टरांचं, शेजाऱ्यांचं बोलणं सांगत आले. हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. मग मी पिशवी खाली ठेवली आणि हात मोकळे केले.

“भरदार,” मी म्हणाले. “शेवटपर्यंत पोचला. कुणी मधे बोललं नाही.”

तिने मान हलवली. कुणी सून पसंत केल्यावर हलवतात तशी, तोलून. मग शाल सावरली आणि पुढे निघाली. चालता चालता ती शेजारणींना सांगायची गोष्ट मनाशी जुळवत होती. तिचे हात मावळतीकडे उठत होते, उजेडात पिवळे, मोठे. मी दोन पावलं मागे होते. आणि तिथे, भर रस्त्यात, मावशीची अर्धी ओवी माझ्या ओठांवर आली आणि अर्ध्यावर न अडता पुढे गेली.

मुक्या माझ्या सखीची गं, बोटं बोलत्यात बाई
आभाळाच्या पाटीवर, त्याला पुसणारं न्हाई